सात नंबरचा वाघदेव

करंजपाड्यात नवशीला शोधायला कुणी तिच्या घरी जात नाही. रानशेतच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की अठरा एकरांची सरकारी बाग लागते. तिथं जाऊन मोठ्यानं हाक मारायची. बांबूच्या बेटामागून नाहीतर तळ्याच्या काठावरून "कोण आहे रं?" असा खणखणीत आवाज आला की समजायचं, बाई सापडली.

बाग म्हटली म्हणून डोळ्यांसमोर कारंजी आणि कापून गोल केलेली झुडपं आणू नका. या बागेला ना दार, ना तिकीट, ना उघडण्या-बंद होण्याची वेळ. मोहाची, आंब्याची, करंजाची झाडं, मध्ये तळं, तळ्याला लागून बांबू. पाड्यावरची पोरं त्या तळ्यात पोहायला शिकतात, बाया मोहाची फुलं वेचतात, रविवारी डहाणूहून मास्तर लोकांची कुटुंबं डबे घेऊन येतात. आणि डबा खाऊन झाल्यावर कागद तिथंच टाकला, की नवशी तो उचलून हसतमुखानं त्यांच्याच पिशवीत ठेवते. एका साहेबांच्या तर शर्टाच्या खिशात ठेवला होता. साहेब पुढच्या रविवारी पुन्हा आले, आणि कागदाऐवजी केळीच्या पानात डबा घेऊन आले. नवशी अशी माणसं सुधारते.

बाग झाली १९८७ साली. नवशी तेव्हा एकोणीस वर्षांची, लग्न होऊन नुकती कुठं पाड्यावर आलेली. सरकारचा मोजणीवाला आला, त्याच्यासोबत ट्रकमधून बारा दगड आले. घडीव, हातभर रुंद, प्रत्येकावर छिन्नीनं कोरलेला आकडा. बागेच्या हद्दीवर ते पुरायचे होते. ट्रक ओढ्याच्या अलीकडेच रुतला, म्हणून दगड डोक्यावर न्यावे लागले. नवशीच्या वाट्याला सात नंबर आला. अर्ध्या वाटेत तिचा पाय घसरला, दगड खाली पडला आणि त्याचा कोपरा उडाला. मोजणीवाला असा काही ओरडला, की नव्या नवरीला रडूच कोसळलं. तो कोपरा आणि ते रडू नवशी जन्मात विसरली नाही. पुढं तिला त्याच बागेत रोजंदारीवर काम लागलं. रोपांना पाणी घालता घालता पोरीची बाई झाली आणि रोपांची झाडं झाली.

आता खरी गंमत ऐका. बाग झाल्यावर दोन वर्षांनी पाड्यावर वाघ फिरू लागला. म्हणजे बिबट्याच, पण आमच्याकडं ठिपके असोत नाहीतर पट्टे, त्याला वाघच म्हणतात. एका आठवड्यात तीन बकऱ्या गेल्या. आठव्या दिवशी नवशीची सासू सोमी लाकडं आणायला गेली, तर ओढ्याच्या वरच्या अंगाला गवतात चिखलानं माखलेला एक दगड उभा, आणि त्याच्या भोवती ओल्या मातीत वाघाचे पंजे. एक पूर्ण फेरी! सोमीनं डोक्यावरची मोळी खाली टाकली आणि धावत पाड्यावर आली. "वाघदेव उभा राहिला! आपले शिवेला देव उभा राहिला!" भगत आला, तेल-शेंदूर आला, नारळ फुटला. आणि योग बघा, त्या दिवसापासून वाघ जो गेला तो पुन्हा फिरकला नाही.

गर्दीच्या मागं नवशी पाण्याचा हंडा घेऊन उभी होती. दगड शेंदराखाली जाता जाता त्याचा तो उडालेला कोपरा तिला दिसला. सात नंबर! हसावं की ओरडावं तिला कळेना. पण लग्नाला दोन वर्षं झालेली सून. सासूच्या देवाला सरकारी दगड म्हणायची तिची काय टाप होती? ती गप्प बसली. उद्या सांगू, परवा सांगू करत अठ्ठावीस वर्षं गेली.

दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर वाघबारस आली की त्या दगडावर शेंदराचा नवा हात चढायचा. पाड्यावर लग्न ठरलं की पहिलं आवतण वाघदेवाला. एवढंच कशाला, तिची शितल सात वर्षांची असताना तापानं फणफणली, डहाणूच्या दवाखान्यात तीन दिवस डोळे उघडेना, तेव्हा नवशीनं स्वतः त्याच दगडाला कोंबडा कबूल केला होता. शितल बरी झाली. नवशीनं कोंबडा दिला, आणि परत येताना स्वतःशीच म्हणाली, माना ठाव आहे तू कोण ते, पण तरी बरं केलंस.

असं सगळं सुरळीत चाललं असताना २०१५ साली कंपनी आली.

बागेच्या पलीकडची जमीन एका पर्यटनवाल्या कंपनीनं घेतली होती. तिथं आधी बोर्ड उभा राहिला. बोर्डावर निसर्ग होता, पण तो इथला नव्हता. टोकदार पानांची झाडं, मागं बर्फ, पुढं हरीण. खाली लिहिलेलं, 'निसर्गाच्या कुशीत'. नवशीनं बोर्ड वाचून घेतला आणि विचारलं, "आन आमचा निसर्ग काय कुणाचे काखेत आहे?" मग तंबू आले, दोरीवरून घसरत जायचा खेळ आला, आणि त्या सगळ्याला कमी पडत होतं ते एकच. पाणी. तळं बागेत होतं.

बघता बघता कंपनीचं कुंपण सरकू लागलं. आधी ओढ्याच्या जुन्या पात्रापर्यंत, मग त्याच्या अलीकडं, मग एक दिवस तळ्याच्या काठालाच खांब. पोरं पोहायला गेली तर रखवालदारानं हाकलली. मोहाची फुलं वेचणाऱ्या बायांना सांगितलं, गेस्ट लोकांना डिस्टर्ब होतं. नवशी फावडं घेऊन गेली आणि खांबाशेजारी उभी राहिली. मॅनेजर सुदर्शन धावत आला. मुंबईचा, गोड बोलणारा, पायांत पांढरेशुभ्र बूट.

"नवशीमावशी, टेन्शन कशाला घेता? हद्द कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही. आम्ही ओढा धरलाय. नकाशात पण ओढाच दाखवलाय."

"ओढा दोन हजार पाचचे पुरात तळ्याचे इकडं सरकला. आधी तिकडं होता."

"त्याला काही प्रूफ?"

प्रूफ म्हणजे ते बारा दगड. नवशीनं दुसऱ्या दिवशी सगळी हद्द पायाखाली घातली. जेसीबी फिरलेल्या जमिनीत एकही दगड दिसला नाही. अकरा ठिकाणी नुसती भुसभुशीत माती. कुणी काढले ते दगड, काय सांगावं! पण वाघदेवाला मात्र जेसीबीवाल्यानं वळसा घातला होता, वर दहा रुपयांचा हारही घालून गेला होता. देवाला हात लावायची हिंमत कुणाच्या बापाची नव्हती. नवशी त्या शेंदराच्या गोळ्यासमोर उभी राहिली, आणि डाव्या कोपऱ्यावरून एकदा बोट फिरवून घरी वळली.

ग्रामपंचायतीनं मोजणीचा अर्ज केला. तारीख पडली ती २०१७च्या फेब्रुवारीत.

त्या दिवशी सकाळपासून पाडा नुसता उसळला होता. पोरं झाडांवर, बाया तळ्याच्या काठावर, म्हातारे बिड्या ओढत ओळीनं. सोमी ऐंशीची झालेली, तिला नवशीच्या नवऱ्यानं, हाल्यानं, हाताला धरून आणून करंजाखाली बसवलं होतं. सुदर्शन दोन माणसं आणि फायली घेऊन हजर. आणि मोजणी खात्याकडून आली होती श्रुतिका, पंचविशीतली मुलगी, डोक्यावर टोपी, तीन पायांचं मशीन स्वतःच्या खांद्यावर. तिच्यासोबतच्या शिपायानं ते घ्यायला हात पुढं केला तर म्हणाली, "नको, याला माझीच सवय आहे." नवशीला ती तिथंच आवडली.

श्रुतिकानं जुना नकाशा पसरला, बोट फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "बारा दगड होते. मला त्यातला एक पाहिजे. एक जरी मूळ जागेवर सापडला, तरी त्यावरून मी सगळी बाग मोजून देईन. आहे का कुठं?"

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. सुदर्शन हळूच म्हणाला, "मॅडम, स्टोन नसेल तर नैसर्गिक खूण घेतात ना? ओढा आहेच."

श्रुतिकानं मान हलवली. "दगड नसेल तर मला ओढाच धरावा लागेल."

ओढा धरला की तळं गेलं. बांबू गेला, मोह गेला, अकरा एकर गेले. बोलावं तर पाड्याचा देव जातो. ज्याला लग्नाची आवतणं गेली, ज्याच्यापाशी पोरांची जावळं काढली, तो सरकारी दगड होता असं अख्ख्या पाड्यासमोर सांगायचं? आणि तेही सासूच्या तोंडावर? न बोलावं तर तळं जातं. ती पदराचं टोक पिळत राहिली. श्रुतिकानं मशीन उचललं आणि ओढ्याच्या दिशेनं एक पाऊल टाकलं.

"बाय, थांब!"

इतक्या मोठ्यानं ओरडली नवशी, की झाडावरचं एक पोर घसरून खालच्या फांदीवर आलं.

"दगड आहे. सात नंबर. त्याचे जागेवर आहे."

"कुठं?"

नवशीनं हात वर केला आणि वाघदेवाकडं बोट दाखवलं.

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं, आणि असा गलका उठला की विचारू नका. भगत धाकल्या काठी आपटत पुढं आला. अठ्ठावीस वर्षं देवापुढचा पहिला नारळ त्याच्या हातचा. "देवाला सरकारी दगड बोलतंस? जीभ झडंल तुझी!"

"मीच आणलाय डोक्यावर," नवशी म्हणाली. आता ती थांबणार नव्हती. "ट्रक रुतला होता. वाटेत माझे हातून पडला, डावा कोपरा उडाला. शेंदराखाली बघा, कोपरा नसंल. शेंदूर चढवला तवा मी हंडा घेऊन मागं उभी होती. बोलायची हिंमत नाय झाली. नंतर माझे पोरीसाठी मीच त्याला कोंबडा दिला. काय शिक्षा करायची ती माना करा, पण तळं नका जाऊ देऊ!"

हाल्या बायकोकडं बघतच राहिला. एवढ्या वर्षांच्या संसारात हे त्यालाही ठाऊक नव्हतं. धाकल्यानं सूप आणि तांदूळ मागवले, दाणे टाकून देवालाच विचारतो म्हणाला. सुदर्शननं संधी साधली. "मॅडम, लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. आपण देवाला हात लावायला नको." देवाची एवढी काळजी त्याला त्या दिवसाआधी कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात करंजाखालून सोमी उठली. कुणाचा हात न धरता उठली. गर्दी बाजूला झाली. म्हातारी थेट सुनेसमोर येऊन उभी राहिली.

"तू आणलास? तुझे डोक्यावर?"

"हो, आयस."

"जड होता?"

"लय जड होता."

नवशीला वाटलं, आता कानाखाली बसते.

"मंग माना आधी कशाला नाय सांगितलंस?" सोमी म्हणाली. "देव पाड्यात आणला तो तूच. पहिला नारळ तुझे हातानं फोडला असता मी. उगाच ह्या धाकल्याला दिला."

झाडांवरची पोरं सगळ्यात आधी हसली. मग बाया हसल्या, मग म्हातारे, आणि सूप घेऊन उभा राहिलेला धाकल्या कुठं बघावं ते न कळून शेवटी स्वतःच हसला. नवशी मात्र ढसाढसा रडत होती. मोजणीवाला ओरडला होता तेव्हाचं आणि त्यानंतरचं सगळं रडू एकदम बाहेर आलं.

"मी चढवला शेंदूर, मीच काढीन," सोमीनं सांगून टाकलं. तिनं तेल मागवलं, पदर खोचला आणि दगडासमोर बसली. तेल चोळलं, नखांनी कड उचकटली. अठ्ठावीस वर्षांचा शेंदूर, दोन बोटं जाड! धाकल्यानं खाली खांद्यावरचा पंचा पसरला, देवाचं काही जमिनीवर पडायला नको म्हणून. सगळा पाडा श्वास रोखून वाकला होता. एक पापुद्रा निघाला, दुसरा निघाला, आणि मग अख्खं कवचच सुटून सोमीच्या ओंजळीत आलं.

आत दगड कालच घडवल्यासारखा कोरडा, स्वच्छ. डावा कोपरा उडालेला. आणि मधोमध, ठसठशीत, सात.

असा जल्लोष झाला की बांबूतले बगळे उठून गेले!

सुदर्शननं एक शेवटचा प्रयत्न करून पाहिला. दगड कुणीही कुठूनही आणून ठेवला असेल, म्हणाला. श्रुतिका हसली नाही की चिडली नाही. तिनं जुनी वही काढली. "सात नंबरपासून सार्वजनिक विहिरीच्या पूर्वेच्या कोपऱ्यापर्यंत एकशे बेचाळीस मीटर, असं लिहिलंय. विहीर तर कुणी हलवलेली नाही ना?" तिनं मशीन लावलं, शिपायाला विहिरीकडं पाठवलं. पाडा त्याच्यामागं पळाला. श्रुतिकानं डोळा लावला, आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि मान वर केली. "एकशे बेचाळीस. वर चार बोटं."

मग कामाला वेग आला. तीन तास ती मुलगी उन्हात मशीन घेऊन फिरत होती आणि पोरं तिच्यामागं खुंट्या ठोकत होती. आठ नंबर, नऊ नंबर, दहा. प्रत्येक खुंटीला ओरडा. तळं बागेत आलं! बांबू आला! कंपनीचे नऊ तंबू आणि दोरीच्या खेळाचा बुरूज, सगळं बागेत आलं! नवशी सगळ्यात पुढं होती, चप्पल कुठं राहिली तिलाच ठाऊक नव्हतं.

अकराव्या खुंटीपाशी श्रुतिका थांबली. तिनं दोनदा आकडा तपासला आणि नवशीला बाजूला बोलावलं.

"नवशीबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "ही रेघ तुमच्या गोठ्यातून जाते. आठ फूट गोठा बागेत आहे."

हळू बोलली तरी सुदर्शननं ते ऐकलं. सकाळपासून पहिल्यांदा तो मनापासून हसला. "हे बघा! म्हणजे एन्क्रोचमेंट सगळ्यांचंच आहे. मॅडम, मग असं करू या ना, जे जिथं आहे ते तिथं राहू दे. आमचंही, मावशींचंही. गरिबाचा गोठा कशाला पाडायचा?"

गोठा हाल्यानं पाच वर्षांपूर्वी बांधला होता, दोन दगडांच्या मधल्या हद्दीवर, अंदाजानं. आत दोन गाई आणि एक वासरू. हाल्या खाली मान घालून पायानं माती उकरू लागला. श्रुतिकाच्या हातात पंचनाम्याचा कागद होता आणि पेन कागदावर टेकत नव्हतं.

नवशीनं गोठ्याकडं पाहिलं. मग कंपनीच्या तंबूंकडं. मग तिनं जाऊन श्रुतिकाच्या कागदावर बोट ठेवलं.

"इथं लिहायचं ना, कुणी जागा दाबली ते?"

"हो."

"मंग एक नंबरला माझं नाव लिही. नवशी हाल्या वरठा. गुरांचा गोठा, आठ फूट. आन खाली दोन नंबरला ह्या शेटचं लिही."

"नवशीबाई, नक्की?"

"आधी माझं लिही, बाय. मंग बघू तो कसा नाय बोलतो."

श्रुतिकानं लिहिलं. नवशीनं सही केली, रात्रशाळेत शिकलेली, एकेक अक्षर जपून. मग तिनं पेन सुदर्शनच्या समोर धरलं. त्यानं पाड्याकडं पाहिलं, फायलींकडं पाहिलं, पांढऱ्या बुटांकडं पाहिलं. शेवटी पेन घेतलं.

त्याची सही पुरी व्हायच्या आत मागून खांब उपटल्याचा आवाज आला. हाल्या गोठ्याच्या कुडाची भिंत काढत होता.